वाळूतला वाळा आणि तेलाची रिकामी कॅन

आधी डोळे पूस आणि खाली जाऊन गवंड्याला सांग, वाळूच्या त्या ढिगाला आज हात लावायचा नाही. माल कालवायला वाळू लागणारच असेल तर पलीकडच्या टोकाची घ्या म्हणावं. बाळाचा वाळा ढिगात पडलाय, तो तिथेच आहे. भीती एवढीच, की सिमेंटबरोबर कालवला जाऊन भिंतीत बसायला नको.

मला कळतं गं. बारशाला आजेसासूबाईंनी हौसेने घेतलेला वाळा, आणि आपलं खामगाव म्हणजे रजतनगरी. इथे घरातली चांदी हरवली की येणारा-जाणारा एकेक वाक्य ऐकवून जातो. ऐकून घे, उत्तर देऊ नकोस, कामाला लाग. सराफांच्या दुकानापुढची धूळ झाडून, धुऊन त्यातून सोन्या-चांदीचे कण वेगळे करणारे झारेकरी पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत. ते कण शोधतात, तुला तर अख्खा वाळा शोधायचाय.

दिरांनी हौसेने मागवलेला मेटल डिटेक्टर माळ्यावर पडलाय ना, तो काढ. त्याच्या जोडीला वाळू उपसायचा झारा विकत मिळतो, पण खरं सांगू का, तुझ्या या कामाला तो नकोच. तो बहुतेक स्टीलचा असतो, डिटेक्टरच्या तबकडीजवळ नेला की स्वतःच वाजतो. त्यापेक्षा तेलाची पाच लिटरची रिकामी प्लास्टिकची कॅन कापून झारा कर, ती वाजत नाही. वाळूने भरलेली कॅन तशीच तबकडीखाली धरायची, आवाज आला तर वाळा आत, नाहीतर पुढची खेप. हे करताना हातातल्या पाटल्या आणि अंगठी काढून ठेव हं, नाहीतर प्रत्येक खेपेला तुझाच हात वाजेल. काचेच्या बांगड्या राहू देत.

कॅन जाड, दुधी प्लास्टिकची आणि मूठ असलेली घे. पाण्याची पातळ बाटली वाळूच्या वजनाने दुमडते. आणि बघ, शेतावरून आलेली फवारणीच्या औषधाची कॅन कितीही धुतलेली असली तरी घ्यायची नाही. कपाशीच्या मुलखात प्रत्येक गोठ्यात ती सापडते, म्हणून मुद्दाम सांगतेय. तेलाची कॅन धुण्याच्या सोड्याने स्वच्छ धुऊन वाळव, नाहीतर तेलकटपणाला वाळू चिकटून भोकं बुजतात.

झाकण घट्ट लाव. मूठ वर येईल अशी कॅन आडवी धर आणि तळाच्या बाजूने स्केचपेनने तिरकी रेघ मार. मुठीकडची बाजू आखूड राहील, खालची लांब. हीच लांब कड वाळूत शिरते. रेघेवरून कटरने किंवा करवतीच्या पात्याने काप आणि कड पॉलिश पेपरने घास, हात कापायला नको. मग खालच्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना भोकं पाड. कडेपासून दोन बोटं जागा कोरी सोड, तिथे भोक पडलं की कॅन तिथूनच फाटते. दोन भोकांमध्येही बोटभर अंतर असू दे. बांधकामाची वाळू साधारण ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारी असते, म्हणून ५-६ मिलिमीटरचं भोक तुला पुरे. वाळू गळेल, खडे आणि वाळा वर राहतील. नाकातली चमकी हरवली असती तर मात्र ही कॅन उपयोगाची नव्हती, तिथे बारीक चाळणीच लागते.

भोकांना हातड्रिल उत्तम. शेजारच्या सुताराकडे दहा मिनिटांचं काम आहे. तापवलेला खिळा शक्यतो नको, त्या धुराने डोकं धरतं. अगदीच करायचं झालं तर अंगणात, पकडीत खिळा धरून, आणि बाळ आत कुणाच्या तरी कडेवर.

आता शोधायचं कसं ते ऐक. फावड्याने ढीग वरखाली अजिबात करायचा नाही. चांदी वाळूच्या कणापेक्षा जवळजवळ चौपट जड, जितकं ढवळशील तितका वाळा खाली जाईल. बाळ जिथे बसलं होतं तिथून सुरुवात कर. वीतभर थर डिटेक्टरने तपास, तेवढाच कॅनने उपसून बाजूला टाक, मग खालचा थर. चांदीतून वीज फार सहज वाहते, त्यामुळे तिचा आवाज चांगला स्पष्ट येतो. अडचण होते ती खिळ्यांची आणि सळई बांधायच्या तारेच्या तुकड्यांची. त्यावर उपाय म्हणजे जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पिशवीत घालून आधी वाळूतून फिरव. लोखंड चिकटेल, चांदी चिकटत नाही. रबरी हातमोजे घाल, ढिगात मांजरंही येऊन जातात.

ढिगाखालच्या काळ्या मातीत वाळा रुतला असेल तर कोरडं चाळून भागायचं नाही. आपली माती ओली झाली की लगदा होतो. कॅन पाण्याच्या टबात बुडवून तांदूळ रोवळतो तशी हलव, माती विरघळून जाईल.

आणि एक, हे मी मोठी म्हणून सांगतेय. वाळा सापडला की दिरांना अंगात येईल, डिटेक्टर घेऊन सिंदखेडराजाला नाहीतर लोणारला जाऊ म्हणतील. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीवाचून खणणं गुन्हा आहे. १८७८च्या निखात निधीच्या कायद्याने जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तरी कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. गुप्तधनाच्या गोष्टी घेऊन कुणी डिटेक्टर मागायला आलं तर सरळ नाही म्हण, त्या नादात आपल्या राज्यात माणसांचे जीव गेलेत. हे यंत्र घरचं हरवलेलं शोधायला.

आज अर्धा ढीग झाला तरी पुष्कळ. उरलेल्यावर ताडपत्री टाक आणि कॅन उन्हात ठेवू नकोस, प्लास्टिक कडक होऊन तडकतं. आधी जेवून घे गं, मग उतर खाली. सापडला की कितीही उशीर झाला तरी मला फोन कर.