न्यायाचा विलंब आणि त्याचा जाब

वाचनासाठी: प्रेषितांची कृत्ये, अध्याय २४, लूक, अध्याय १८.

फेलिक्स सुभेदारापुढे पौलाची चौकशी झाली, परंतु तिचा निकाल लागला नाही. सुभेदाराचा डोळा पैशावर होता, आणि पौल दोन वर्षे कैसरियात बंदीत राहिला. ह्या वृत्तांतात कोणी खोटा निवाडा दिला नाही. निवाडाच दिला नाही, हाच अन्याय झाला.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातील वाचकांस हे दुःख सांगावयास नको. धुऱ्याच्या वादापायी शेतकरी ऐन रोवणीच्या दिवसांत काम सोडून पेशीस जातो, आणि सायंकाळी पुढची तारीख घेऊन परततो. ह्या विलंबाचा जाब न्यायाधीशास व कचेरीच्या नोकरांस विचारता येतो काय, ह्याचा आज आपण विचार करू.

१. निवाडा निराळा, विलंब निराळा. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली वध झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी प्रत्यक्ष रघुनाथरावांस दोषी ठरविले. न्यायाधीश निर्भय असला तरच असा निवाडा होतो. ह्याचकरिता १८५० व १९८५ ह्या सालांच्या कायद्यांनी न्यायाधीशास त्याच्या न्यायविषयक कृत्यांबद्दल संरक्षण दिले आहे. निवाडा चुकला असे वाटल्यास अपील करावे. न्यायाधीशावर दावा लावता येत नाही. परंतु काय ठरवावे ह्याविषयीचे स्वातंत्र्य म्हणजे केव्हाही ठरवावे अशी मोकळीक नव्हे. वेळेचा हिशेब त्यालाही द्यावा लागतो.

२. विलंब कोणत्या पायरीवर झाला, हे पाहावे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडारा येथील न्यायालयाचा निकाल २००८ साली आणि नागपूर खंडपीठाचा २०१० साली लागला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि एकटे वाचलेले भैयालाल भोतमांगे २०१७ साली अंतिम निकाल ऐकण्यापूर्वीच निवर्तले. खालची दोन न्यायालये चार वर्षांच्या आत मोकळी झाली. वाट पाहणे वरच्या पायरीवर घडले. सर्व दोष जिल्ह्याच्या न्यायाधीशावर घालणारा मनुष्य येथे चुकला असता.

सत्वर न्याय हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली बिहारातील कैद्यांच्या प्रकरणी सांगितले. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अंतुले ह्यांच्या प्रकरणात १९९१ साली त्याच न्यायालयाने म्हटले की, फौजदारी खटल्यास ठराविक मुदत घालता येत नाही. विलंबास कारण कोण झाला, हे प्रत्येक प्रकरणात पाहिले पाहिजे. कधी साक्षीदार येत नाही, कधी वकील तहकुबी मागतो, कधी न्यायाधीशाची जागाच रिकामी असते. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत, असे विधि आयोगाने १९८७ साली सुचविले. ती संख्या आजही निम्म्यावर आलेली नाही. हा जाब शासनाने द्यावयाचा आहे.

३. जाब कोठे मागावा? दिवाणी दाव्यात एका पक्षास तीनांहून अधिक तहकुब्या देऊ नयेत, आणि सुनावणी संपल्यावर ३० दिवसांत, अडचण असल्यास ६० दिवसांत, निकाल द्यावा असा नियम आहे. सत्र न्यायालयास २०२४ पासून युक्तिवादानंतर ३० दिवसांची मुदत आहे. कारणे लिहून ती ४५ दिवसांपर्यंत वाढविता येते. संविधानाच्या २३५व्या अनुच्छेदाप्रमाणे खालच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण आहे. म्हणून तक्रार प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा उच्च न्यायालयाकडे करावी. न्यायाधीशाविरुद्धच्या तक्रारीस शपथपत्र व पडताळता येईल असा आधार लागतो. उच्च न्यायालयाने निकाल राखून ठेवल्यास तीन महिन्यांनी अर्ज करण्याची, आणि सहा महिन्यांनी प्रकरण दुसऱ्या पीठाकडे देण्याची विनंती करण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली मोकळी केली. समन्स बजावण्यास अथवा नक्कल देण्यास कारकून किंवा बेलीफ पैसे मागेल, तर ते देऊ नयेत. लाचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ ह्या क्रमांकावर कळवावे.

४. आपले कर्तव्य. जाब विचारणाऱ्याजवळ नोंद पाहिजे. प्रत्येक पेशीची तारीख, त्या दिवशी काय झाले, तहकुबी कोणी मागितली, हे वहीत लिहावे, आणि रोजनाम्याची नक्कल घ्यावी. लिहिता न येणाऱ्या बंधूची वही उपदेशकांनी ठेवावी. ही लहान सेवा नव्हे. वकिलाची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कोठडीतील मनुष्य ह्यांस उत्पन्नाची अट न लावता फुकट साहाय्य मिळते. आणि ती वही वाचताना आपल्याच बाजूने किती तहकुब्या मागितल्या, हेही प्रामाणिकपणे मोजावे.

दाखल्यातील विधवेजवळ ना द्रव्य होते, ना वशिला; तरी ती न्यायाधीशाकडे जाण्याचे सोडीना. तिने मागितला तो न्याय, मेहेरबानी नव्हे. आपणही तसेच मागावे: नम्रपणे, नोंदीसह आणि न थकता.

विचारासाठी प्रश्न
१. चुकीचा निवाडा आणि विलंब ह्यांवरील उपाय निरनिराळे का आहेत?
२. खैरलांजीच्या प्रकरणात विलंब कोणत्या पायरीवर झाला?
३. आपल्या मंडळीत कोणाचा दावा अडून राहिला आहे, आणि त्याची वही कोण ठेवील?