शेजाऱ्याची प्रार्थना आणि आपली दुआ

दिव्य कुरआनच्या सूरह अल-हदीदमध्ये (५७:२७) हजरत ईसा (अ.) यांच्या अनुयायांविषयी अल्लाह सांगतो की, त्यांच्या अंतःकरणात कोमलता व दया त्यानेच ठेवली. त्यांनी स्वतःहून निर्माण केलेल्या संन्यासाची चूकही तीच आयत दाखवते. म्हणजे ही सरसकट प्रशंसा नव्हे. परंतु ही दया अल्लाहची देणगी असेल, तर ती मान्य करण्यात आपल्या ईमानला उणेपणा येत नाही.

जालना जिल्ह्यातील मुस्लिम कुटुंबांसाठी हा विषय केवळ पुस्तकी नाही. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. तिच्यासाठी जमीन दिली ती निजाम राज्याचे दिवाण पहिले सालारजंग यांनी. एका मुस्लिम दिवाणाने हे करावे, याचे काहींना आजही नवल वाटेल. परंतु मक्केत छळलेल्या मुस्लिमांना हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, आश्रय दिला होता, हे आपली मुले मदरशात शिकतातच.

घरात मात्र या शेजाऱ्यांविषयीचे बोलणे बहुधा अकीद्याच्या फरकापाशीच थांबते. तो फरक मोठा आहे; तौहीदच्या बाबतीत तडजोड नाही. तरीही शेजारी ईश्वराकडे काय मागतो, हे आपण जाणून घेतो का? प्रभूची प्रार्थना म्हणून ख्रिस्ती लोक जी म्हणतात, तिच्यात भाकर मागितली जाते ती आजच्या दिवसापुरती. आणि क्षमा मागताना ते एक कठीण अट स्वतःवर घेतात : आम्ही इतरांना क्षमा केली, तशी आम्हालाही मिळो.

ही अट वाचताना सूरह अन-नूरची २२ वी आयत आठवल्याशिवाय राहत नाही. हजरत आयशा (रजि.) यांच्यावर आळ घेतला गेला, तेव्हा मिस्तह हे त्या बोलण्यात सामील झाले. ते हजरत अबू बक्र (रजि.) यांचे गरीब नातलग, त्यांचा खर्चही अबू बक्र (रजि.) हेच चालवीत. दुखावलेल्या पित्याने मदत थांबवण्याची शपथ घेतली. माणसाच्या न्यायाने पाहिले तर त्यात गैर काय होते? पण आयत उतरली आणि अल्लाहने आपल्याला क्षमा करावी हे तुम्हाला आवडणार नाही काय, असे विचारले गेले. अबू बक्र (रजि.) यांनी मदत पुन्हा सुरू केली. शेताच्या बांधावरून भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरणारा आणि दर जुम्याला मगफिरत मागणारा मनुष्य आपल्याही गावात आहे.

कृतज्ञतेचेही तसेच. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत हंगामाच्या सणाला नवे धान्य वेदीपाशी आणून आभार मानतात. आपल्याकडे पिकाचा हक्क कापणीच्याच दिवशी देण्याचा आदेश आहे (६:१४१), आणि त्याच आयतीत उधळपट्टीची मनाई आहे. ज्वारी-कापसाच्या या जिल्ह्यात उश्र काढणारी घरे किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

उधळपट्टी पाण्याचीही असते. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे सुमारे पाऊण लिटरात, वुजू करीत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातील मशिदीत नळ सोडून वुजू करण्याऐवजी बधना भरून ठेवला, तर मुले हे माप स्वतःच शिकतील.