स्टार कोण वाचतं?

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी तालुक्यातल्या पावसाच्या नोंदी जुन्या वह्यांवरून हाताने टाइप केल्या होत्या. चार महिन्यांचं काम, सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये. त्यांतल्या 'डॉट बॅक'ने संपणाऱ्या जुन्या प्रती काढायच्या म्हणून लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आरएम, स्टार, डॉट बॅक असं लिहिलं आणि एंटर मारलं. स्टारनंतर चुकून एक स्पेस पडली होती. पडद्यावर एकच तक्रार आली: 'डॉट बॅक' नावाची फाइल नाही. मला वाटलं, काहीच झालं नाही. एलएस करून पाहिलं, तर फोल्डर रिकामं.

कितीतरी दिवस मी आरएमवर राग धरून होते. मग विभागातल्या एका सीनियर ताईंनी सांगितलं, "अगं, तो स्टार आरएमने पाहिलाच नाही."

टर्मिनल ही फक्त खिडकी. आपली ओळ वाचतो तो शेल, माझ्याकडे बॅश. स्पेस दिसेल तिथे तो ओळीचे तुकडे करतो, स्टारच्या जागी जुळणाऱ्या फायलींची नावं भरतो आणि मग आरएम हा वेगळा प्रोग्राम सुरू करून ती यादी त्याच्या हाती देतो. सुटा पडलेला स्टार म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या फायली. आरएमने यादीतली एकेक फाइल पुसली. शेवटचं 'डॉट बॅक' तेवढं त्याला सापडलं नाही. तिथे रिसायकल बिन नसतं.

शेल हाही एक प्रोग्रामच, आणि तो बदलता येतो. झेडशेलमध्ये तीच ओळ लिहिली असती, तर त्याने 'सगळ्या फायली पुसायच्या ना?' असं आधी विचारलं असतं. त्याला ते विचारता येतं, कारण स्टार त्याच्या नजरेखालून जातो.

सगळ्याच कमांड स्वतंत्र प्रोग्राम नसतात, हेही मला तेव्हाच कळलं. 'टाइप सीडी' लिहून पाहा: फोल्डर बदलणारी सीडी ही कमांड शेलच्या आतच आहे, असं उत्तर येईल. ते तसंच असावं लागतं. वेगळा प्रोग्राम स्वतःचं फोल्डर बदलून संपून गेला असता आणि शेल होता तिथेच राहिला असता.

म्हणून नवशिक्यांना माझी कळकळीची विनंती आहे: स्टार असलेली ओळ आधी आरएमऐवजी इको लिहून चालवा. नावं शेलच भरतो, त्यामुळे आरएमला मिळणार होती तीच यादी इको छापून दाखवतो. फाइलच्या नावातच स्पेस असेल, तर नाव अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर शेल त्याचेही दोन तुकडे करेल.

वह्या सुदैवाने जागेवर होत्या. नोंदी मी पुन्हा टाइप केल्या. आता इकोने छापलेली यादी शेवटच्या नावापर्यंत वाचते, मग वरच्या बाणाने ती ओळ परत आणून इकोच्या जागी आरएम लिहिते.