तापमानवाढ : सूर्यावरील डाग की आपला धूर?

मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, सूर्यच जास्त तापला असेल, त्यात माणसाचा काय दोष?" प्रश्न रास्त आहे. पिकाला सारी ऊर्जा सूर्याकडूनच मिळते, तेव्हा पहिला संशय त्याच्यावरच जाणार.

सूर्यावरील काळे डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढतात व कमी होतात. डाग जास्त असताना सूर्याची ऊर्जा किंचित वाढते. पण किती? दर चौरस मीटरला १३६१ वॅटमागे जेमतेम एक वॅट. उपग्रहांद्वारे ही मोजणी १९७८ पासून चालू आहे व तीत चढता कल दिसत नाही. उलट २००८ ते २०१९ हे चक्र फारच मंद होते. तरीही २०१६ हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

दुसरीकडे, हवेतील कार्बन डायऑक्साईड कारखानदारीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता, तो आता ४२० च्या वर गेला आहे. कोळसा व खनिज तेलाचे ज्वलन हे त्याचे मुख्य कारण. हा वायू गोधडीचे काम करतो. ऊन आत येऊ देतो, मात्र जमिनीकडून परतणारी उष्णता अडवतो. त्यामुळे जमिनीलगतची हवा तापते आहे, तर त्याच वेळी वातावरणाचा वरचा थर थंड होत आहे. सूर्य तापला असता तर दोन्ही थर तापले असते.

जगभरच्या नोंदींत १९५० नंतर दिवसापेक्षा रात्रीचे तापमान अधिक वाढलेले आढळते. यात ढगांचाही वाटा आहे, पण रात्री सूर्य नसतो हे विसरू नका.

आपल्याला रात्रीचीच काळजी जास्त करावी लागेल. दिवसा पानांनी तयार केलेले अन्न रात्री श्वसनात खर्च होते. रात्र उबदार असली की हा खर्च वाढतो व दाणा बारीक राहतो. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या प्रक्षेत्रावरील नोंदींनुसार (२००४) कोरड्या हंगामात रात्रीचे तापमान १ अंशाने वाढल्यास भाताचे उत्पादन सुमारे १० टक्के घटले. गव्हालाही दाणे भरताना थंडी हवी. म्हणून बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. उशिराचा गहू मार्चच्या उन्हात सापडतो.

शक्य असल्यास कमाल-किमान तापमापी सावलीत, हवेशीर जागी, छातीएवढ्या उंचीवर टांगावी व रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहावेत. निसवणीपासून पुढच्या रात्रींचे आकडे विशेष जपून ठेवावेत.