सह्याद्रीची वाट आणि वस्तीतला वाटाड्या

मालवणला येणारा प्रवासी बहुधा सिंधुदुर्ग किल्ला पाहून परततो. पूर्वेकडील डोंगरवाट त्यास अपरिचितच राहते. वाटेत कुडाळनजीक पिंगुळी येथे ठाकर आदिवासींनी चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची कला जतन केली आहे. या कार्याबद्दल श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. पुढे सावंतवाडीहून घाट चढून सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीस जाता येते. सह्याद्रीच्या उतारांवर धनगरवाडे विखुरलेले आहेत.

अशी सहल ग्रामपंचायतींनी अवश्य आखावी; मात्र वाटाड्या त्या वस्तीतलाच असावा. पावसाळ्यात कोणता ओढा ओलांडू नये, कोणाच्या अंगणात विचारल्यावाचून पाऊल टाकू नये, हे त्यालाच ठाऊक असते. शिवाय मोबदलाही वस्तीतच राहतो. वस्ती म्हणजे प्रदर्शन नव्हे. प्रवासी तेथे पाहुणा असतो.