वाढणारीचे ताट
गावाकडून कोलकात्यास आलेल्या कुटुंबांसाठी आठवड्याची रात्रीची जेवणे

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण-खटाव हा दुष्काळी पट्टा. या भागातील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. कोलकात्यातही त्यांची घरे आहेत. ही कुटुंबे शहरात राहतात, परंतु त्यांच्या स्वयंपाकाची रीत, चव आणि पंगतीचा क्रम गावाकडचाच असतो. अशा घरांनी रात्रीचे जेवण कसे योजावे आणि त्यायोगे घरातील स्त्रियांचा व मुलांचा रक्तक्षय कसा टाळावा, हे या पत्रकात सांगितले आहे.

रक्तक्षय किती व्यापक आहे?

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण देशात ५७ टक्के, महाराष्ट्रात ५४.२ टक्के आणि पश्चिम बंगालमध्ये ७१.४ टक्के आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण दोन्ही राज्यांत सुमारे ६९ टक्के होते. म्हणजे गाव सोडले किंवा न सोडले, तरी हा प्रश्न आपल्या उंबऱ्याच्या आतलाच आहे.

शरीरात लोह कमी पडले की रक्तातील हिमोग्लोबिन घटते. जिना चढताना धाप लागते, सकाळी उठतानाच थकवा जाणवतो, डोळ्यांच्या आतली कड आणि नखे फिकट दिसतात, मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. काही स्त्रियांना कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटते. हा स्वभावदोष नव्हे; तेही लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. गरोदरपणी रक्तक्षय वाढला, तर आई व बाळ या दोघांच्याही जिवाला धोका संभवतो.

स्थलांतराने ताटातून काय गेले?

गावी असताना ताटात भाकरी होती. कोलकात्यात ज्वारी सहज मिळत नाही, भात मात्र स्वस्त व सोपा. म्हणून हळूहळू भाकरीची जागा भाताने घेतली. पोट भरते, पण फरक मोठा पडतो. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण ६.४ मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत सुमारे ४, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. मसूर डाळीत हेच प्रमाण सुमारे ७ आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम. कारण मासिक पाळीत तिच्या शरीरातील लोह दरमहा खर्ची पडते. ज्या व्यक्तीला घरात सर्वांत अधिक लोहाची गरज, तीच बहुतेक घरांत सर्वांत शेवटी जेवते. गलाईचे काम रात्री उशिरा आटोपते. मग पुरुष व मुले जेवतात, आणि वाढणारीच्या वाट्यास भात व पातेल्याच्या तळाची पातळ आमटी उरते. अशा ताटात जेमतेम एक मिलिग्रॅम लोह असते. त्याच रात्री शंभर ग्रॅम बाजरीची भाकरी व तीस ग्रॅम मसुराची घट्ट आमटी तिला मिळाली असती, तर पालेभाजी न मोजताही साडेआठ मिलिग्रॅम लोह तिच्या ताटात पडले असते. अन्नातील सर्व लोह अंगी लागत नाही. त्यातला थोडाच भाग शरीर शोषून घेते. म्हणून तर ताटात मुळात पुरेसे असणे आवश्यक ठरते.

जेवणाचे चार नियम

पहिला: दररोज रात्री डाळ किंवा कडधान्य, पालेभाजी अथवा फळभाजी, आणि काहीतरी आंबट या तीन गोष्टी ताटात असाव्यात. पाच माणसांच्या घरास एका जेवणासाठी दीडशे ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य, अर्धा ते पाऊण किलो निवडलेली भाजी आणि दोन लिंबे असा अंदाज धरावा.

दुसरा: लिंबू शिजवू नये. जेवायला बसल्यावर ते आमटीत व भाजीवर पिळावे. धान्य व भाजीतील लोह शोषले जाण्यास ‘क’ जीवनसत्त्व साहाय्य करते, पण उष्णतेने ते नष्ट होते. लिंबाऐवजी पेरूची फोड, आवळा किंवा कच्चा टोमॅटोही चालतो.

तिसरा: जेवणाआधी व जेवणानंतर एक तास चहा घेऊ नये. चहातील द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत.

चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा: पंगत बसण्यापूर्वी वाढणारीचा वाटा बाजूला काढावा. एक वाटी घट्ट डाळ, एक वाटी भाजी आणि अर्धे लिंबू झाकून ठेवावे, व त्याला कोणी हात लावू नये. शक्य तेथे सर्वांनी एकत्रच बसावे. हा नियम घरातील ज्येष्ठांनी, विशेषतः सासूबाईंनी व कर्त्या पुरुषाने, घालून द्यावा. सुनेने स्वतःसाठी आधी वाढून घेणे तिला अवघड जाते. पण घरच्या मोठ्यांनी ‘तुझा वाटा काढलास का?’ असे विचारले, तर ती घरची रीत होऊन जाते.

कोलकात्याच्या बाजारातील ओळखीच्या भाज्या

नाव नवे असल्यामुळे अनेक गृहिणी येथील पालेभाज्या टाळतात. वास्तविक त्या आपल्याच आहेत. ‘लाल शाक’ म्हणजे तांबडा माठ. ‘पुई शाक’ म्हणजे मायाळू अथवा वेलबोंडी. ‘कलमी शाक’ म्हणजे नाळीची भाजी. ‘कुमडो’ म्हणजे लाल भोपळा, ‘मोचा’ म्हणजे केळफूल, ‘सजने डाँटा’ म्हणजे शेवग्याच्या शेंगा. ‘पातिलेबू’ म्हणजे कागदी लिंबू आणि ‘पेयारा’ म्हणजे पेरू. ‘छोला’ म्हणजे हरभरा. त्याचे भाजलेले पीठ ‘छातू’ या नावाने मिळते. राजस्थानी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या बडाबाजार परिसरात बाजरी मिळू शकते. गावाहून ज्वारी आणावयाची झाल्यास दाणेच आणावेत व लागेल तेवढे दळून घ्यावे. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. आणि बाजरीचे पीठ तर लवकरच कडवट होते.

बंगाली घरांत भाताबरोबर शाक प्रथम खाण्याची जुनी पद्धत आहे. भूक ताजी असताना मुलांच्या पोटात पालेभाजी जाते. हा क्रम आपणही स्वीकारण्याजोगा आहे.

आठवड्याची सात जेवणे

सोमवार: बाजरीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली लाल शाकाची सुकी भाजी, मसुराची घट्ट आमटी, लिंबू. त्याच रात्री बुधवारसाठी मटकी भिजत घालावी.

मंगळवार: भात, मूगडाळीत शिजवलेली पुई शाकाची पातळ भाजी, लाल भोपळ्याच्या फोडी, टोमॅटो-कांद्याची कच्ची कोशिंबीर. सकाळी मटकी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी.

बुधवार: मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीची किंवा गव्हाच्या कोंडायुक्त पिठाची भाकरी-पोळी, कच्चा कांदा, लिंबू. मोड आणल्याने कडधान्यातील लोह शोषण्यास होणारा अडथळा कमी होतो. म्हणून उसळ ही केवळ चवीची बाब नाही.

गुरुवार: मूगडाळ-तांदळाची खिचडी. तीन वाट्या तांदळास निदान दीड वाटी डाळ घ्यावी. त्यात मटार, शेवग्याच्या शेंगा व मूठभर शेंगदाणे घालावेत. सोबत पेरूच्या फोडी. उपवास असलेल्या व्यक्तीने रात्री हेच जेवण घेऊन उपवास सोडावा. चहा-साबुदाण्यावर दिवस काढू नये.

शुक्रवार: भात, मौरला किंवा पुँटी या लहान माशांचे कालवण, कलमी शाक, लिंबू. हे मासे डोक्यासह व काट्यांसह खाल्ले जातात. त्यांतून लोहाबरोबर कॅल्शियम मिळते, आणि मौरला माशात ‘अ’ जीवनसत्त्वही भरपूर असते. लहान मुलांस मात्र काटे पाहूनच द्यावेत. शाकाहारी घरांत काळ्या हरभऱ्याची आमटी करावी.

शनिवार: हुलग्याची उसळ किंवा माडगे, भाकरी, कोबीची अथवा हंगामात शेवग्याच्या पाल्याची भाजी, कारळ्याची किंवा शेंगदाण्याची चटणी, लिंबू. हुलगे गावाहून आणल्यास वर्षभर टिकतात.

रविवार: मटणाचा किंवा अंड्यांचा रस्सा, भाकरी, कच्चा मुळा-टोमॅटो, लिंबू. मांसातील लोह शरीर सर्वांत सहज शोषून घेते. म्हणून मटण थोडेच असले, तरी त्याचे तुकडे ताटांत समान वाटावेत. मुलीच्या व सुनेच्या ताटात नुसता रस्सा जाऊ नये. माळकरी घरांत डाळ-पालकाचे गरगटे करावे.

हा क्रम बदलला तरी हरकत नाही. एखाद्या दिवशी भाजी महाग असेल, तर केळफूल किंवा भोपळा घ्यावा. वेळ नसेल, तर छातूचे पिठले करावे. मात्र डाळ, भाजी व आंबट ही तिकडी मोडू नये.

शिजविताना घ्यावयाची काळजी

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. झाकण ठेवून, कमी पाण्यात शिजवावी. आमटी-भाजीसाठी लोखंडी कढई आणि भाकरीसाठी लोखंडी अथवा बिडाचा तवा वापरावा. त्यांतील थोडे लोह अन्नात उतरते. शिजलेला पदार्थ मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा. मीठ आयोडीनयुक्त घ्यावे आणि दिवसभरात माणशी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, अधिक वापरू नये.

शिधादुकानात फोर्टिफाइड, म्हणजे पोषणतत्त्वे मिसळलेला तांदूळ मिळाल्यास त्यातील वेगळे दिसणारे दाणे निवडून टाकू नयेत. ते प्लास्टिकचे नसतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व ‘ब-१२’ जीवनसत्त्व मिसळून ते तयार केलेले असतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका गावाकडची असली, तरी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेनुसार, आधार जोडणी असल्यास, कोलकात्यातील शिधादुकानातून आपल्या वाट्याचे धान्य घेता येते.

गलाईकाम करणाऱ्या घरांसाठी विशेष सूचना

चांदी शुद्ध करण्याच्या काही पद्धतींत शिसे वापरले जाते. शिशाची धूळ व धूर शरीरात गेल्यास रक्त तयार होण्याच्या क्रियेतच बिघाड होतो, आणि लहान मुलांच्या मेंदूवरही दुष्परिणाम होतो. अशा वेळी कितीही चांगले जेवण अपुरे पडते. म्हणून भट्टीच्या खोलीत स्वयंपाक करू नये, जेवू नये व मुलांना झोपवू नये. कामावरून आल्यावर कपडे बदलावेत, हात-तोंड साबणाने स्वच्छ धुवावे, आणि मगच मुलाला जवळ घ्यावे किंवा ताटावर बसावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. कामाची भांडी स्वयंपाकघरात आणू नयेत.

दवाखान्यात केव्हा जावे?

आहाराने रक्तक्षय टाळता येतो. परंतु तो झालेला असल्यास केवळ जेवणावर विसंबून राहू नये. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा कमी असल्यास उपचार आवश्यक आहे.

‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमांतर्गत लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मोफत मिळतात. गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून दररोज एक गोळी, किमान १८० दिवस घ्यावी. प्रसूतीनंतरही १८० दिवस चालू ठेवावी. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक गोळी दिली जाते. गोळी लिंबूपाण्याबरोबर चालते. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचाचा रंग काळपट झाल्यास घाबरू नये. मळमळ होत असल्यास रात्री जेवणानंतर घ्यावी, पण बंद करू नये. मुलांना जंतनाशक गोळी १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत किंवा अंगणवाडीत मिळते. ती चुकवू नये.

नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर थॅलेसेमिया अथवा सिकलसेल यांची तपासणी करण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. या आजारांत लोहाच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाच्या असतात. बसल्या जागी धाप लागणे, छातीत धडधडणे, पायांवर सूज, घेरी येऊन पडणे, किंवा पाळीत अतिरिक्त रक्तस्राव होणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

हे पत्रक स्वयंपाकघरात चुलीजवळ, सर्वांच्या नजरेस पडेल असे लावावे. आज रात्री आमटीचे पातेले उतरवले की प्रथम एक वाटी भरून झाकून ठेवावी. ती वाटी वाढणारीची.