साबुदाण्याचे माहेर आणि बाळाची वाटी

आषाढी एकादशी असो, श्रावणी सोमवार असो वा जामसावळीच्या मारुतीचा शनिवार. पांढुर्णा-सौंसर परिसरात उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आलीच. गंमत अशी, की या ताटातील साबुदाणा, शेंगदाणा, मिरची व बटाटा हे चारही पदार्थ मूळचे अमेरिका खंडातील असून पोर्तुगीज दर्यावर्दी आल्यानंतरच ते आपल्याकडे रुजले. काजू आणि अननस ही नावेदेखील ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून आपल्यापर्यंत पोहोचली आहेत.

साबुदाणा कसावा या कंदापासून होतो. कडू जातीच्या कच्च्या कंदात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. ब्राझीलच्या आदिवासींनी कंद किसून, वेताच्या लांब पिळणीत दाबून, रस काढून आणि चोथा भाजून तो खाण्याजोगा केला. रसाच्या तळाशी बसणारे पिष्ट म्हणजे टॅपिओका. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या सुमारास, तमिळनाडूतील सेलम येथे या पिष्टापासून साबुदाणा करण्याचा उद्योग सुरू झाला.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या इतिहासातून एक धडा महत्त्वाचा वाटतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात, परंतु प्रथिने एक ग्रॅमही नसतात. ब्राझीलमध्ये कसाव्याचे भाजलेले पीठ सहसा एकटे खात नाहीत. काळ्या घेवड्याची उसळवजा 'फेजोआदा' आणि भात यांच्यासोबत ते ताटात येते. भात व घेवडा हे तेथील रोजचे जेवण, म्हणजे आपला वरण-भातच! तृणधान्यात उणे असलेले लायसिन डाळीतून मिळते आणि डाळीत उणे असलेले मिथिओनिन धान्यातून. आपल्या आजींनीही खिचडीत दाण्याचे कूट घालून हीच जोडी जमवली; शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात.

परंतु हाच साबुदाणा बाळाच्या वाटीत जातो, तेव्हा त्याचा जोडीदार सुटतो. 'पचायला हलकी' म्हणून दिलेली साबुदाण्याची पातळ पेज माझ्या तपासणीत येणाऱ्या अनेक माता सांगतात. तिने पोट भरते, बाळ शांत झोपते. वजन मात्र वाढत नाही. वयाची पहिली दोन वर्षे मेंदूच्या वाढीची असल्याने ही उणीव पुढे भरून काढणे कठीण असते.

म्हणून मातांना आपण सर्वांनी एकाच सुरात सांगावे :

१. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावे. स्तनपान दोन वर्षे वा अधिक चालू ठेवावे.

२. चमच्यातून ओघळणार नाही इतकी दाट, तूप घातलेली मुगाची खिचडी वा भाकरी कुस्करून वरणात द्यावी.

३. साबुदाणा द्यायचाच, तर दूध किंवा भाजलेल्या दाण्याचे बारीक कूट घालूनच द्यावा. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांखालील मुलांना देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

४. वाढत्या मुलांना उपवास घडवू नये.

ब्राझील सरकारच्या २०१४ च्या आहार-मार्गदर्शिकेने पुड्यांतील कारखानी खाद्यापेक्षा घरच्या ताज्या अन्नाला प्रथम मान दिला. आपल्याकडे ज्वारी, तूर, मूग आणि शेंगदाणा दारी आहेत. साबुदाणा उपवासाला अवश्य असावा. बाळाच्या वाढीचा भार मात्र त्याच्या एकट्यावर टाकू नये.